दव वाळेपर्यंत

चोपड्याहून येणाऱ्या साडेनवाच्या बसमध्ये
दर मंगळवारी एक पाकीट असतं.
नबाब तडवी कंडक्टर ते मांडीवर घेऊन येतो,
प्रयोगशाळेच्या फाटकाशी गाडी हळू करायला लावतो
आणि खिडकीतूनच म्हणतो, "तुमचा पेशंट."

आत काकडीची पानं.
बारा, कधी पंधरा,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत घडी करून ठेवलेली.
प्रत्येक देठाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी:
ओळ तिसरी, वेल सातवा, विहिरीकडून.
अक्षर झुलाल आप्पांचं,
पेन्सिल मोडेल इतकं दाबून काढलेलं.

मी पान उजेडावर धरते.
भुरी नाही, ती बोटाला पिठासारखी लागते.
केवडा नाही, तो शिरांच्या कुंपणात अडतो, त्याला कोपरे असतात.
हे गोल.
आधी ओलसर पिवळं,
मग भाकरी तव्यावर विसरावी तशा रंगाचं,
मग मधोमध तडकून
भोक.
एका भोकातून मला समोरचं कॅलेंडर दिसलं,
आश्विनातला मंगळवार.

करपा, मी लिहिते.
खाली औषधाचं नाव, लिटरला किती ग्रॅम,
रोगट पानं शेताबाहेर नेऊन पुरा,
पाणी ठिबकनं द्या, वरून नको.
आप्पांनी सगळं केलं.
तरी पुढच्या मंगळवारी बारा पानं,
त्याच्या पुढच्या मंगळवारी चौदा.
तिसरी ओळ संपली, चौथी, पाचवी.
वाऱ्यानं आलेला रोग असा येत नाही.
हा चालत होता,
विहिरीकडून बांधाकडे,
एकही वेल न चुकवता.

म्हणून एकदा रात्रीची मुक्कामी गाडी धरून मीच गेले.
पहाटे तापीवर धुकं होतं,
केळीच्या बागा गळ्यापर्यंत बुडालेल्या.
मांडवात आप्पा माझ्या आधीच,
धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.
पान डाव्या तळव्यावर घ्यायचं,
उजव्या अंगठ्यानं दव पुसायचं,
उलटून पाहायचं, अलगद सोडायचं.
मग पुढचं.
पाचशे वेल, रोज, उजाडायच्या आत.
"उन्हात पान मान टाकस," ते म्हणाले,
"मंग काय कयस?"

मी त्यांचा अंगठा मागितला.
त्यावर चिकटपट्टी दाबली, काचेवर लावली,
जळगावला येऊन भिंगाखाली सरकवली.
होते.
बिनरंगी, लांबट, तांदळाच्या कणीसारखे,
मोजायला घेतले आणि सोडून दिले.
त्यांच्यामधून आप्पांच्या अंगठ्याच्या रेषा,
कागदावर सही म्हणून उमटाव्यात
इतक्या स्वच्छ.

फोन करायला मला दोन दिवस लागले.
"आप्पा, दव वाळल्याशिवाय मांडवात जाऊ नका.
ओल्या पानाला हात लागला की तो हातावर बसतो
आणि पुढच्या वेलाशी उतरतो."
पलीकडे मोटार चालू होती. ती बंद झाली.
"पानेसले हात बी नही लावाना?"
"दहापर्यंत नाही."
"मंग मी सकायले काय करू, बहीन?"

आमच्या शिफारशींच्या तक्त्यात
पीक आहे, रोग आहे, मात्रा आहे, किती दिवसांनी फवारायचं ते आहे.
मी तक्ता दोनदा खालीवर पाहिला.

नंतर पाकिटं येत राहिली.
नऊ पानं. पाच. मग तीन,
त्यातलं एक तर नुसतंच म्हातारं होऊन पिवळं पडलेलं.
चिठ्ठ्या आता लांब झाल्यात:
ओळ आठवी, वेल दुसरा,
सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी तोडलं.

नबाब सांगतो,
सकाळी गाडी त्या वळणावर येते तेव्हा
आप्पा बांधावर बसलेले दिसतात, मांडवाकडे तोंड करून.
हॉर्न दिला तर मान हलवतात.
हात हलवत नाहीत.
हात दोन्ही मांड्यांखाली
दाबून धरलेले असतात.